जे तुटत नाही, त्याविषयी

चि. सोनू,


तुझं मेम्ब्रेन गेलं हे तू सांगण्याआधीच तुझ्या आवाजावरून कळलं होतं. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यात लोहाचा किंचित अंश, ८० अंश तापमान; सकाळी धडधाकट असलेली फिल्म दुपारी चिमट्याने उचलायला गेलीस तर तिचे तुकडेच वर आले. पण तुला वाईट वाटलं ते त्याचं नव्हे. तुझ्या फिल्मचं पॉलिमर, सल्फोनेटेड पीईईके, या फेंटन चाचणीत फार वेळ तग धरत नाही, हे तू आधीच वाचून होतीस. लागला तो नंतर कुणीतरी जाता जाता टाकलेला प्रश्न: "नॅफिऑन तयार मिळतं, इतकी वर्षं चाललंय. तू त्यात काय नवीन करणार?"

या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्याजोगं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आणि हे पत्र छापायलाही देते आहे, कारण हा प्रश्न तुझ्या एकटीच्या वाट्याला आलेला नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनसाठी १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले, तेव्हापासून हायड्रोजनचं नाव ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. पण हायड्रोजनच्या मोटारी, बस, ट्रक ज्या पातळ पापुद्र्याच्या जिवावर चालणार आहेत, तो कशाचा बनतो आणि कुठे बनतो, हे विचारणारी माणसं थोडी. तू त्या थोड्यांत जाऊन बसली आहेस. म्हणून मला हे काम महत्त्वाचं वाटतं, आणि तुलाही ते तसंच वाटत राहावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

इतर वाचकांसाठी दोन गोष्टी आधी सांगते. तुला त्या पाठ आहेत, तरी वाच. फ्युएल सेलमध्ये एका बाजूला हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूला हवा. मधे मेम्ब्रेन. हायड्रोजनचा अणू प्लॅटिनमवर फुटतो आणि त्याचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. इलेक्ट्रॉनला मेम्ब्रेनमधून वाट नसते, त्याला बाहेरच्या तारेनेच जावं लागतं, आणि तारेतून जाताना तो मोटर फिरवतो. प्रोटॉन मात्र मेम्ब्रेनमधून आरपार जातो, पलीकडे ऑक्सिजनला भेटतो आणि पाणी होतं. म्हणजे या पापुद्र्याची तीन कामं: प्रोटॉनला जाऊ द्यायचं, इलेक्ट्रॉनला अडवायचं, आणि दोन्ही वायू एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. तिन्ही कामं एकाच वेळी, कधी ओलं कधी कोरडं होत, आम्लात बसून, आणि हजारो तास. ट्रकसाठी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २५,००० तासांचं आयुष्य मागितलं आहे. एका सेलचा दाब कागदावर १.२३ व्होल्ट, प्रत्यक्ष भार पडला की ०.६ ते ०.७. त्यामुळे शेकडो सेल एकावर एक रचावे लागतात. टोयोटाच्या पहिल्या मिराईत, २०१४ साली, ३७० सेल होते. २०२० च्या मिराईत ३३०. त्यातल्या एका मेम्ब्रेनला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं तरी सगळा स्टॅक थांबवावा लागतो.

प्रोटॉन जातो कसा, हा मला आजही या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. घराचा स्लॅब पडतो त्या दिवशी मजूर रांगेने उभे राहून घमेली पुढे देतात. माणूस जागचा हलत नाही, काँक्रीट वर पोचतं. पाण्याचे रेणू तसेच रांगेत उभे असतात. फरक एवढाच की इथे घमेलंसुद्धा तेच राहत नाही. रेणू शेजाऱ्याकडून मिळालेला प्रोटॉन ठेवून घेतो आणि स्वतःचा दुसराच पुढे सोडतो. ग्रोथस नावाच्या विशीतल्या तरुणाने १८०६ साली ही कल्पना मांडली, तेव्हा प्रोटॉन म्हणजे काय हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. अर्थात सगळेच प्रोटॉन असे जात नाहीत. काही पाण्याच्या रेणूंवर बसून, त्यांना बरोबर ओढत जातात. पण दोन्ही तऱ्हांना पाणी हवंच. मेम्ब्रेन कोरडं पडलं की रांग तुटते आणि वहन कितीतरी पटींनी खाली येतं. म्हणून हे सेल ८० अंशांच्या आसपास चालवतात आणि आत येणारी हवा ओली ठेवतात.

आता त्या प्रश्नाकडे येते.

नॅफिऑनच्याही आधी मेम्ब्रेन होतं, आणि ते तुझ्या मेम्ब्रेनच्या घराण्यातलं होतं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये विलर्ड ग्रब यांनी १९५५ साली सल्फोनेटेड पॉलिस्टायरीनचं मेम्ब्रेन फ्युएल सेलमध्ये वापरलं. तिथल्याच लिओनार्ड निड्राक यांनी त्यावर प्लॅटिनम बसवण्याची युक्ती काढली. दहा वर्षांत ते सेल जेमिनी यानांत बसून अवकाशात गेले. ऑगस्ट १९६५ मधलं जेमिनी ५ हे फ्युएल सेलवर चाललेलं पहिलं मानवी यान. पण पॉलिस्टायरीनच्या साखळीत बेंझिनच्या कड्याशेजारच्या कार्बनवर एक हायड्रोजन असतो, आणि तो फार हळवा. सेलमध्ये थोडंसं पेरॉक्साइड तयार होतंच. त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल निघतात आणि ते नेमके त्या हायड्रोजनवर येऊन पडतात. साखळी तुटते, तुकडे पाण्यात उतरतात. सेलमधून निघणारं पाणी अंतराळवीरांनी प्यावं असा मूळ बेत होता. मेम्ब्रेनच्या तुकड्यांनी ते पिण्यालायक राहिलं नाही. अपोलोच्या वेळी नासाने मेम्ब्रेनचा नाद सोडला आणि फ्रान्सिस बेकन यांच्या अल्कली सेलचा मार्ग धरला.

म्हणजे तुझ्या बीकरमध्ये परवा जे झालं, त्याच जातीचं संकट साठ वर्षांपूर्वी यानात आलेलं आहे. तू काही वेगळं बिघडवलेलं नाहीस.

त्याला उत्तर म्हणून फ्लोरिन आला. ड्यूपाँटच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना एप्रिल १९३८ मध्ये टेफ्लॉन सापडलं होतं, एका सिलिंडरमधला वायू आतल्या आत घट्ट होऊन त्याची पांढरी भुकटी झाली तेव्हा. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध सेंद्रिय रसायनातल्या सर्वांत बळकट बंधांपैकी. त्याच कंपनीत १९६० च्या दशकात वॉल्टर ग्रोट यांनी टेफ्लॉनच्या साखळीला बाजूच्या फांद्या जोडल्या आणि फांदीच्या टोकाला सल्फोनिक आम्ल बसवलं. ते नॅफिऑन. कणा पाण्याला जवळ येऊ देत नाही, फांदीचं टोक पाण्याशिवाय राहू शकत नाही. आणि दोघं एकाच रेणूत बांधलेले, त्यामुळे पळून जायला जागा नाही. मग पाणी गोळा होऊन त्याचे पुंजके होतात. गिअर्के यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला चित्र काढलं ते असं: सुमारे ४ नॅनोमीटरचे पुंजके, त्यांना जोडणाऱ्या १ नॅनोमीटरच्या वाटा. २००८ मध्ये श्मिट-रोर आणि चेन यांनी म्हटलं की पुंजके नव्हेत, लांबच लांब समांतर नळ्या आहेत. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. इतकी वर्षं वापरात असलेल्या वस्तूच्या आतल्या रचनेवर अजून भांडण चालू आहे, हे मला या शास्त्राच्या जिवंतपणाचं लक्षण वाटतं.

नॅफिऑनबद्दल माझ्या मनात आदर आहे, आणि तो तुझ्याही मनात असावा. नॅफिऑन ११७ चा चौकोन तू हाताळला आहेस. कपाटात पडून राहिला की पिवळट, मग तपकिरी होतो. मग त्याला तासभर पेरॉक्साइडमध्ये ८० अंशांना ठेवायचं, आयनविरहित पाण्यात उकळायचं, सौम्य सल्फ्युरिक आम्लात उकळायचं, पुन्हा पाण्यात. बाहेर येतो तेव्हा काचेसारखा स्वच्छ, थोडा फुगलेला, लवचीक, आणि पहिल्यापेक्षा जास्त कामाचा. जे पेरॉक्साइड तुझ्या फिल्मचा जीव घेतं, त्यातच तो न्हाऊन ताजा होतो. आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. नॅफिऑनचा पहिला मोठा उपयोग फ्युएल सेलमध्ये नव्हता, कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांत होता. हे कारखाने पूर्वी पाऱ्याच्या सेलवर चालत आणि पारा नदीत जाई. कल्याणजवळच्या काळू नदीच्या पाऱ्यावरून सत्तर-ऐंशीच्या दशकांत किती ओरड झाली होती, ते दादाला विचार, त्याला आठवत असेल. फ्लोरिनच्या मेम्ब्रेनने त्या कारखान्यांतून पारा हद्दपार केला. नद्यांवर त्याचं ते ऋण आहे.

आणि दुसऱ्या नद्यांवर त्याने जे केलं तेही सांगायला हवं. तुला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये फेएटव्हिल गावाजवळ केप फिअर नदीकाठी नॅफिऑनचा कारखाना आहे. आधी ड्यूपाँटचा होता, २०१५ पासून केमूर्सचा. नदी तिथून खाली विल्मिंग्टन शहराला जाते आणि ते शहर तिचंच पाणी पितं. जून २०१७ मध्ये तिथल्या वर्तमानपत्राने बातमी दिली की पिण्याच्या पाण्यात जेनएक्स नावाचं फ्लोरिनयुक्त रसायन आहे, आणि नेहमीच्या शुद्धीकरणाने ते निघत नाही. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मग विल्मिंग्टनच्या तीनशेहून अधिक रहिवाशांच्या रक्ताचे नमुने घेतले. त्यांत मुलंही होती. शोधत होते जेनएक्स. ते रक्तात सापडलं नाही. पण शंभरातल्या नव्व्याण्णव जणांच्या रक्तात एक वेगळंच संयुग सापडलं. त्याला शास्त्रीय निबंधांत 'नॅफिऑन बायप्रॉडक्ट २' म्हणतात. नॅफिऑन बनवताना मागे राहणारा तो पदार्थ. त्याचे शरीरावर काय परिणाम होतात याचा अभ्यास अजून चालू आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्य सरकार, नदीसाठी लढणारी स्थानिक संस्था आणि कंपनी यांच्यात करार झाला आणि कंपनीला धूर जाळून स्वच्छ करणारी मोठी यंत्रणा बसवावी लागली. तोवर अनेक वर्षं ते पाण्यात जात राहिलं होतं.

सोनू, ही गोष्ट वाचून मी फार अस्वस्थ झाले होते, आणि आजही होते. कारण इथे कुठे गळती झाली, कुणी झोपलं होतं, एवढ्यावर भागत नाही. सेलच्या आत रॅडिकलला जो बंध तुटत नाही, तो नदीत सूर्यप्रकाशाला, जिवाणूंना, जलशुद्धीकरण केंद्राला आणि आपल्या यकृतालाही तुटत नाही. नॅफिऑनचा गुण आणि हा दोष यांचं मूळ एकच आहे. आम्ही पॉलिमरवाल्यांनी टिकाऊपणाची मोजदाद नेहमी सेलच्या आतच केली. सेलमध्ये किती तास टिकलं ते प्रत्येक निबंधात असतं. बनवताना जे उरलं ते नदीत किती वर्षं टिकणार, याचा रकाना आमच्या तक्त्यात नव्हताच.

फिल्म स्वतः निरुपद्रवी आहे, असं काही जण म्हणतील, आणि तयार नॅफिऑनपुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण ती बनते कशी आणि शेवटी तिचं होतं काय, हे त्यात येत नाही. स्टॅक भंगारात निघाला की प्लॅटिनम परत मिळवायचं असतं, आणि त्याचा सोपा मार्ग म्हणजे जाळणं. फ्लोरिनचं मेम्ब्रेन जाळलं की हायड्रोजन फ्लोराइड निघतो. तो पकडायची सोय असलेली भट्टी असेल तर ठीक. आपल्याकडे भंगार कुठे आणि कसं जळतं, हे मी तुला सांगायला नको.

युरोपात हा प्रश्न आता कायद्याच्या दारात आहे. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या पाच देशांनी मिळून या साऱ्या फ्लोरिनयुक्त कुळावर बंधन घालण्याचा प्रस्ताव दिला आणि तो फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्युएल सेलच्या मेम्ब्रेनला त्यात काही वर्षांची सवलत सुचवली आहे, कारण आज त्याच्या तोडीचं दुसरं काही बाजारात नाही असं मानलं जातं. थ्रीएम कंपनीने डिसेंबर २०२२ मध्येच जाहीर केलं की २०२५ अखेर आपण या रसायनांच्या निर्मितीतून बाहेर पडू. सवलत आहे, म्हणजे मुदत आहे. त्या मुदतीत तुझ्यासारख्यांनी काही करून दाखवावं अशी अपेक्षा आहे. "तू काय नवीन करणार" या प्रश्नाचं व्यवहारी उत्तर हवं असेल तर हे आहे.

आणि घराजवळचं उत्तर हवं असेल तर लोटे-परशुरामचं नाव घेते. इटलीत व्हिचेन्झाजवळ ट्रिसिनो गावी मिटेनी नावाचा कारखाना होता. तो फ्लोरिनयुक्त रसायनं बनवी. त्याने त्या भागातलं भूजल फार मोठ्या पट्ट्यात दूषित केलं. २०१८ मध्ये त्याचं दिवाळं निघालं, आणि जून २०२५ मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने ११ माजी अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री मधल्या काळात एका भारतीय कंपनीने विकत घेतली आणि ती जहाजाने लोट्याला आली. तिथे नॅफिऑन बनत नाही, आणि तिथे काही वावगं झालं असंही मी म्हणत नाही. पण चिपळूणच्या आपल्या घरून निघालं की तासाभराच्या आत जिथे पोचतो, तिथे हे रसायन येऊन ठेपलं आहे. दाभोळ खाडीचे मच्छीमार कारखान्यांच्या पाण्याबद्दल वर्षानुवर्षं बोलत आले आहेत, ते तू लहानपणापासून ऐकते आहेस. त्यामुळे केप फिअर नदी तुला दूरची वाटू नये.

याचा अर्थ उद्यापासून नॅफिऑनची बस थांबवा असा मी काढत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी मिळून हायड्रोजनवर चालणारी मोटार चालवून दाखवली. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच सहकार्यातून बस आली. पाषाणच्या त्या आवारात जे झालं त्याचा मला अभिमान आहे. स्टॅक बांधणं, पाणी आणि उष्णता सांभाळणं, प्लेटा बनवणं, हे सगळं शिकायला आज जे मेम्ब्रेन हाती आहे तेच वापरायला हवं. पण मेम्ब्रेन परदेशातून रोल मागवूनच आणायचं, आणि ते कुठल्या नदीकाठी बनलं ते विचारायचं नाही, ही सवय लागता कामा नये.

आता तुझ्या कामाबद्दल. इथून पुढचं आत्या म्हणून कमी, पॉलिमरवाली म्हणून जास्त.

फेंटन चाचणीला शेवटचा शब्द मानू नकोस. ती फ्लोरिनच्या मेम्ब्रेनला फार सोपी जाते आणि तुझ्यासारख्या फ्लोरिन नसलेल्या, म्हणजे हायड्रोकार्बन मेम्ब्रेनला फार कठीण. खऱ्या सेलमध्ये पेरॉक्साइड होतं ते मुख्यतः वायू मेम्ब्रेनमधून पलीकडे झिरपल्यामुळे, आणि हायड्रोकार्बन मेम्ब्रेनमधून वायू कमी झिरपतो. म्हणजे तुझं मेम्ब्रेन स्वतःवर कमी विष ओढवून घेतं. बीकरमध्ये ते विष तू बाहेरून ओततेस. म्हणून ओपन सर्किट होल्ड लाव, म्हणजे भार न लावता सेल तसाच ठेव: ९० अंश, ३० टक्के आर्द्रता, आणि ५०० तासांचं लक्ष्य. व्होल्टेज कसं उतरतं ते तासागणिक बघ. तिथे जे दिसेल ते बीकरपेक्षा खरं.

माझ्या मते तुझी खरी अडचण रॅडिकल नाहीच, ओलं-कोरडं होणं आहे. पीईईकेचा कणा ताठ. पाणी शोषताना फुगतो, सुकताना आकसतो, आणि नॅफिऑनसारखा वाकून घेत नाही. इलेक्ट्रोडच्या कडेला ताण साठतो आणि तिथेच चीर जाते. सल्फोनेशन वाढवलंस की वहन वाढतं, पण फुगणंही वाढतं, आणि एका हद्दीपलीकडे फिल्म गरम पाण्यात विरघळूनच जाते. याचं कारण श्टुटगार्टच्या क्रॉयर यांनी २००१ मध्ये नेमकं सांगितलं: या मेम्ब्रेनमध्ये पाणी आवडणारा आणि न आवडणारा भाग नीट वेगळे होत नाहीत, त्यामुळे वाटा अरुंद, फाटे फुटलेल्या आणि आंधळ्या राहतात. तेव्हा आणखी आम्ल घालण्याऐवजी आहे ते आम्ल एकत्र आणणं हा मार्ग. व्हर्जिनिया टेकच्या जेम्स मॅकग्रा यांनी त्यासाठी सल्फोनेशन आधी मोनोमरवर केलं, मग साखळी बांधली. पुढे गट पाडून बांधली, म्हणजे आम्लाचा पट्टा वेगळा, कोरडा पट्टा वेगळा. तू तयार पीईईके आम्लात टाकतेस तेव्हा आम्लगट कुठे बसेल यावर तुझा ताबा नसतो. पुढच्या वर्षी मोनोमरपासून सुरुवात करण्याचा विचार मनात ठेव.

दुसरं म्हणजे पीईईकेच्या कण्यातला ईथर बंध. रॅडिकल येतो तो त्याच्या शेजारच्या जागी. कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठात स्टीव्हन होल्डक्रॉफ्ट यांच्या गटाने कण्यातून ईथरच काढून टाकला, नुसत्या बेंझिन कड्यांचा कणा केला आणि त्यावर सल्फोनिक गट बसवले. ही मेम्ब्रेन बाजारापर्यंत पोचली आहेत. म्हणजे फ्लोरिनशिवाय होत नाही, हे वाक्य आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. तिसरी वाट पॉलिबेंझिमिडाझोलची: १९९५ मध्ये केस वेस्टर्न विद्यापीठात त्याला फॉस्फरिक आम्ल पाजून मेम्ब्रेन केलं. ते १५० अंशांच्याही वर चालतं, पाण्याची मिनतवारी करत नाही, आणि हायड्रोजनमधला थोडा कार्बन मोनॉक्साइडही सोसतं. पण आम्ल हळूहळू निघून जातं, आणि गाडी थंडीत सुरू करायला वेळ लागतो. पुण्यात या पॉलिमरवर चांगलं काम झालं आहे. ते निबंध वाच, आणि ज्यांनी काम केलं त्यांना जाऊन भेट.

आणि आपण हायड्रोकार्बन बनवतो म्हणून आपले हात आपोआप स्वच्छ, असं मुळीच समजू नकोस. तू पीईईकेची भुकटी तीव्र सल्फ्युरिक आम्लात ढवळतेस. द्रावण काळपट लाल आणि मधासारखं घट्ट होतं. ते बर्फाच्या पाण्यात बारीक धारेने सोडलं की पांढरे तंतू उमटतात. ते दृश्य मलाही फार आवडतं. पण ते तंतू लिटमस बदलेनासा होईपर्यंत धूत राहावं लागतं, आणि प्रत्येक धुण्याचं आम्लपाणी कुठेतरी जातं. तुझ्या लॅबमधून बादल्या निघतील. कारखान्यातून टँकर निघतील. फिल्म ओतायला तू जे डायमिथाइल अॅसिटामाइड वापरतेस, ते गर्भाला अपायकारक मानलं जातं. काचेवर ब्लेडने फिल्म ओढताना आणि ओव्हनचं दार उघडताना फ्यूम हूड चालू आहे ना, हे दर वेळी स्वतः बघ. कुणी हसलं तरी बघ. कमी अपायकारक द्रावक शोधणं हा प्रबंधातला दुय्यम मुद्दा नाही. त्याला स्वतंत्र प्रकरण दे.

अजून एक गोष्ट बरेच जण विसरतात. मेम्ब्रेन बदललं तरी इलेक्ट्रोडच्या शाईत बांधणीसाठी नॅफिऑनच असतं, आणि वायू पसरवणाऱ्या कार्बन कागदावर टेफ्लॉनचा थर असतो. फ्लोरिनमुक्त सेल म्हणायचं तर तिथेही हात घालावा लागेल. इलेक्ट्रोडमध्ये हायड्रोकार्बन घातलं की ऑक्सिजनला प्लॅटिनमपर्यंत पोचणं जड जातं. म्हणजे मेम्ब्रेनमध्ये वायू कमी झिरपणं हा जो तुझा फायदा, तोच इलेक्ट्रोडमध्ये तोटा होतो. हे कोडं अजून कुणी समाधानकारक सोडवलेलं नाही. मला तुझ्या वयाची होता आलं असतं तर मी तिथेच जाऊन बसले असते.

तुला ज्याने प्रश्न विचारला त्याच्यावर राग धरू नकोस. त्याला सेलच्या आतलंच दिसतं, कारण आम्ही त्याला तेवढंच शिकवलं. पुढच्या सेमिनारला तुझ्या निकालांच्या तक्त्यात एक रकाना वाढव: एक चौरस मीटर मेम्ब्रेन बनवायला काय काय लागलं, काय उरलं आणि ते कुठे गेलं. नॅफिऑनच्या ओळीत केप फिअर लिही, आणि तुझ्या ओळीत तुझ्या बादल्या लिही, किती लिटर, किती आम्ल, किती द्रावक, एकही न लपवता. मग त्यालाच तो रकाना वाचायला सांग.

ओपन सर्किटचे पहिल्या १०० तासांचे आकडे हाती आले की मला पाठव, नुसता आलेख नको, आकडे. फिल्म सुकवताना व्हॅक्यूम ओव्हनमध्ये १२० अंशांना रात्रभर ठेवतेस का तेही कळव. माझा कयास असा की तुझ्या फिल्ममध्ये द्रावक उरतो आहे आणि वहन त्यामुळेच कमी येतं आहे. दादा-वहिनींना नमस्कार सांग. आंबे आले की पेटी पाठवू नकोस म्हणावं, मी मेमध्ये स्वतःच येते आहे, तेव्हा तुझी वहीही बघेन.

तुझी,
आत्या